शनिवारची कसोटी : टोनी अ‍ॅडम्सच्या मद्यमुक्तीचे प्रकरण

इंग्लंडचा आणि आर्सेनल क्लबचा माजी कर्णधार टोनी अ‍ॅडम्स याने १६ ऑगस्ट १९९६ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास शेवटचा पेला प्यायला, असे तो स्वतः अनेकदा सांगत आला आहे. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, एका मोठ्या क्लबचा कर्णधार होता आणि दोनच महिन्यांपूर्वी त्याने मायदेशात भरलेल्या युरोपीय स्पर्धेत देशाचे नेतृत्व केले होते. व्यसनमुक्तीच्या बहुतेक कहाण्यांमध्ये माणूस सर्व काही गमावून बसतो आणि मग वळतो. येथे मात्र नोकरी, कर्णधारपद, पैसा आणि लोकप्रियता यांपैकी काहीच गेलेले नव्हते. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. खेळाडूचा आजार इतकी वर्षे कोणालाच का दिसला नाही, किंवा दिसूनही कोणी त्याला आजार का म्हटले नाही, हा यातला पहिला प्रश्न. आणि दारू सुटल्यावर पुढची वर्षे कशाच्या आधारावर निभावली, हा दुसरा.

पूर्वपीठिका

अ‍ॅडम्सचा जन्म १० ऑक्टोबर १९६६ रोजी रॉमफर्ड येथे झाला आणि तो लंडनच्या पूर्व टोकाला, डॅगनम या कामगारवस्तीत वाढला. शाळकरी वयातच, १९८० साली, तो आर्सेनलमध्ये दाखल झाला आणि ५ नोव्हेंबर १९८३ रोजी सतराव्या वर्षी संडरलंडविरुद्ध पहिल्या संघातून खेळला. १ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो कर्णधार झाला आणि २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या पदावर राहिला. मध्यरक्षक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा खेळाडू म्हणून त्याचा खेळ नजाकतीचा नव्हता. हेडिंग, टॅकलिंग, मागच्या फळीला ओरडून एका रेषेत ठेवणे आणि दुखापत घेऊन उभे राहणे ही त्याची भांडवले होती.

लहानपणी आपल्याला भीतीचे झटके येत, शाळेत बसवत नसे आणि फुटबॉलच्या मैदानावर गेले की ती भीती नाहीशी होई, असे त्याने नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. हा तपशील प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण आपले पहिले व्यसन फुटबॉल होते आणि दारू नंतर आली, अशी त्याची स्वतःची मांडणी आहे. दुखापतीमुळे खेळ बंद झाला की पिणे वाढायचे. खेळ ज्या अस्वस्थतेला झाकत होता, तिला झाकायला दुसरे काहीतरी हवे होते, आणि इंग्लिश फुटबॉलच्या त्या काळातल्या रीतीत ते दुसरे काहीतरी सरावाच्या मैदानापासून चार पावलांवर उपलब्ध होते.

१९८० च्या दशकातल्या इंग्लिश फुटबॉलमध्ये एकत्र पिणे हे संघबांधणीचे साधनच मानले जाई. आर्सेनलमध्ये याला ‘ट्यूसडे क्लब’ असे नावही पडले होते. बुधवारी सुट्टी असे, म्हणून मंगळवारचा सराव आटोपला की खेळाडू पबमध्ये जमत आणि रात्री उशिरापर्यंत पीत. अ‍ॅडम्स या बैठकांचा म्होरक्या होता. जे पीत नसत किंवा कमी पीत, ते संघात जरा बाजूला पडत. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत आणि मित्रमंडळांत ‘बसायला’ न येणाऱ्या माणसाची जी अवस्था होते, तिच्याशी परिचित असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कामगिरीचे आवरण

जॉर्ज ग्रॅहम हे १९८६ ते १९९५ या काळात आर्सेनलचे व्यवस्थापक होते. शिस्तीचे कडक म्हणून त्यांची ख्याती होती. पण त्या काळच्या जवळजवळ सर्वच व्यवस्थापकांप्रमाणे त्यांच्याही लेखी खेळाडूची खरी कसोटी शनिवारी दुपारी तीन वाजता लागत असे. शनिवारी नीट खेळला की आठवड्यातले बाकीचे दिवस त्याचे त्याला माफ. आणि अ‍ॅडम्स शनिवारी नीट खेळत होता. १९८८-८९ च्या हंगामात आर्सेनलने १८ वर्षांनंतर साखळी विजेतेपद मिळवले, तेही शेवटच्या सामन्यात लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर दोन गोलांनी हरवून. १९९०-९१ मध्ये पुन्हा विजेतेपद आले. ३८ सामन्यांत संघाने फक्त १८ गोल खाल्ले आणि एकच सामना गमावला. अशा संघाच्या कर्णधाराला ‘तू आजारी आहेस’ असे सांगणार तरी कोण?

मद्यपाश ओळखण्याच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतील निकषांमध्ये तीव्र ओढ, सुरुवात आणि प्रमाण यांवरचा ताबा सुटणे, पिणे थांबवल्यावर होणारा शारीरिक त्रास, तोच परिणाम मिळवण्यासाठी वाढत जाणारी मात्रा, इतर आनंदांकडे दुर्लक्ष आणि नुकसान दिसत असूनही पिणे चालू ठेवणे यांचा समावेश होतो; वर्षभरात यांपैकी तीन लक्षणे एकत्र दिसली तरी निदान होऊ शकते. या यादीत ‘कामावर नीट जातो का’ हा प्रश्न कोठेही नाही. घरच्यांच्या, मालकाच्या आणि स्वतः पिणाऱ्याच्या मनात मात्र तोच एक प्रश्न ठाण मांडून बसलेला असतो. खेळाडूच्या बाबतीत तर तो प्रश्न दर आठवड्याला हजारो लोकांसमोर विचारला जातो आणि त्याचे उत्तर वर्तमानपत्रात छापून येते.

या आवरणाची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. रात्रीची दारू ‘घामावाटे काढून टाकण्यासाठी’ अ‍ॅडम्स आणि त्याचे काही सोबती सरावाच्या कपड्यांखाली कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या घालत. पिशवीला डोके आणि हात बाहेर काढण्यापुरती भोके पाडायची, वर जर्सी चढवायची आणि मैदानाला फेऱ्या मारायच्या. घाम धो धो येई आणि शरीर साफ झाल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात दारूचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग यकृतातच विघटित होतो, आणि तोही जवळपास ठराविक वेगाने. घाम, श्वास आणि लघवी यांवाटे बाहेर पडणारा अंश अगदी थोडा असतो. दारूने आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून उरलेसुरले पाणी काढून घेणे, एवढेच त्या पिशव्यांनी साधत असे. तरीही हा उपाय चालत राहिला, कारण तो खेळाडूच्या स्वभावाला पटणारा होता. जे काही बिघडले आहे ते अधिक मेहनतीने भरून काढता येते, या श्रद्धेवर त्याचे सारे आयुष्य उभे असते. पुढे मद्यमुक्तीच्या वाटेत सर्वांत मोठी अडचण झाली ती याच श्रद्धेची.

तुरुंग

६ मे १९९० रोजी अ‍ॅडम्सची मोटार एसेक्स परगण्यात भरधाव वेगात एका भिंतीवर आदळली. तपासणीत त्याच्या शरीरातील मद्याचे प्रमाण कायदेशीर मर्यादेच्या सुमारे चौपट भरले. येथे हे लक्षात घ्यावे लागते की इंग्लंडमधली मर्यादा मुळात आपल्यापेक्षा सैल आहे : तेथे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, तर भारतात ३० मिलिग्रॅम. कोणी दगावले नाही, हे केवळ नशीब.

१९ डिसेंबर १९९० रोजी साउथएंडच्या न्यायालयाने त्याला चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. त्याची रवानगी चेम्सफर्डच्या तुरुंगात झाली आणि निम्मी शिक्षा भोगून १५ फेब्रुवारी १९९१ रोजी तो सुटला. त्या हंगामात साखळीतला जो एकमेव पराभव आर्सेनलच्या वाट्याला आला, तो २ फेब्रुवारीला चेल्सीकडून, म्हणजे कर्णधार गजांआड असताना. क्लबने त्याचे कर्णधारपद काढून घेतले नाही. सुटून आल्यावर प्रेक्षकांनी त्याचे जल्लोषात स्वागत केले आणि मे महिन्यात त्याने विजेतेपदाचा करंडक उंचावला.

माणुसकीच्या दृष्टीने क्लबच्या वागण्याला नावे ठेवणे कठीण आहे. पडत्या काळात खेळाडूला वाऱ्यावर सोडणारे क्लब पुष्कळ असतात. परंतु व्यसनाच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक दुर्मीळ संधी हातची गेली. तुरुंगातल्या जवळपास दोन महिन्यांत दारू आपोआप बंद होती, शरीर कोरडे झालेले होते, परिणाम डोळ्यांसमोर होता. अशा वेळी एखाद्या जाणत्या समुपदेशकाने त्याच्याशी बोलणे सुरू केले असते तर काय झाले असते, याचा नुसता अंदाजच करता येतो. घडले ते असे की, सारे प्रकरण ‘तरुणपणीची चूक आणि तिची भरपाई’ या चौकटीत बसवले गेले. शिक्षा भोगली, हिशोब मिटला. पिणे पुन्हा सुरू झाले.

शिक्षा आणि उपचार या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडेही अनेकदा ध्यानात येत नाही. घरातला पिणारा माणूस अपघात करतो, पोलीस ठाण्यात रात्र काढतो, आई-बायकोसमोर हात जोडतो, आणि सगळ्यांना वाटते की आता याला अद्दल घडली. अद्दल खरोखर घडलेली असते. आजारावर तिचा काही इलाज नसतो.

पुढची पाच वर्षे थोडक्यात सांगता येतील. १९९३ मध्ये एका नाइटक्लबच्या जिन्यावरून पडून त्याच्या डोक्याला २९ टाके पडले. रात्री काय घडले ते सकाळी आठवत नसे. दारूमुळे मेंदूत आठवण नोंदलीच जात नाही, त्यामुळे माणूस चालता-बोलता असूनही दुसऱ्या दिवशी ते तास कोरे असतात; हे मद्यपाशाचे चांगलेच पुढे गेलेले लक्षण मानावे लागते. मैदानावर मात्र १९९३ मध्ये देशांतर्गत दोन्ही चषक आणि १९९४ मध्ये युरोपीय चषकविजेत्यांचा चषक संघाने मिळवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघातला आघाडीचा खेळाडू पॉल मर्सन याने दारू, कोकेन आणि जुगार या तिन्ही व्यसनांची जाहीर कबुली दिली आणि तो उपचारासाठी दाखल झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो संघात परतला. म्हणजे एकाच खोलीत कपडे बदलणारा, एकाच टेबलावर पिणारा माणूस उपचार घेऊन परत आला होता, आणि आजाराला नाव देता येते, एवढे तरी त्या खोलीत आता सर्वांना माहीत झाले होते.

१९९६ चा उन्हाळा

१९९६ च्या आरंभी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे अ‍ॅडम्स बरेच आठवडे बाहेर होता, त्याच काळात त्याचा संसारही मोडत होता. जूनमध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा इंग्लंडमध्येच भरणार होती. प्रशिक्षक टेरी व्हेनेबल्स यांच्या इंग्लंड संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले आणि त्या स्पर्धेपुरती त्याने दारू बंद केली.

हे कोरडे आठवडे या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहेत असे मला वाटते. ‘मनात आणले तर मी सोडू शकतो’ हे वाक्य प्रत्येक पिणारा म्हणतो, आणि अ‍ॅडम्सने ते अक्षरशः करून दाखवले होते. स्कॉटलंड आणि नेदरलँड्सवर विजय, स्पेनवर पेनल्टींमध्ये मात, सारा देश रस्त्यावर, आणि कर्णधार दारूला शिवलेलाही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा इच्छाशक्तीचा विजय वाटला असता. परंतु त्या काळात आपण केवळ दात-ओठ खाऊन थांबलो होतो, स्पर्धा संपण्याची वाट पाहत होतो, असे त्याचे नंतरचे कथन आहे. दारू थांबली होती, तिची जागा स्पर्धेने घेतली होती. २६ जून १९९६ रोजी वेम्ब्लीवर उपांत्य सामन्यात जर्मनीशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींमध्ये इंग्लंड ६-५ असे हरले. स्पर्धा संपली त्याच रात्री ती जागा रिकामी झाली.

त्यानंतर सुमारे सात आठवडे तो पीत राहिला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना (ही मद्यपींनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना) जाणारे लोक ज्या अवस्थेला ‘तळ गाठणे’ म्हणतात, ती त्याने या दिवसांत गाठली. विशेष असे की, या वेळी कोणतीही नवी आपत्ती कोसळली नव्हती. ना अपघात, ना अटक, ना हकालपट्टी. आपण थांबू इच्छितो आणि थांबू शकत नाही, एवढीच जाणीव या वेळी नवी होती. सात वर्षांत गोळा केलेले करंडक, तुरुंगातले दिवस, २९ टाके, यांपैकी कशानेही ही जाणीव झाली नव्हती. ती झाली ती आपली सर्वांत मोठी ताकद, म्हणजे निर्धार, या एका शत्रूपुढे चालत नाही हे अनुभवल्यावर. १६ ऑगस्टच्या त्या शुक्रवारच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, आर्सेनलचा नवा हंगाम सुरू होणार होता.

येथे एक वैद्यकीय सूचना नोंदवणे आवश्यक आहे, कारण ‘एका दिवसात सोडली’ अशा वर्णनांचा चुकीचा अर्थ घेतला जातो. दीर्घकाळ आणि रोज पिणाऱ्या माणसाने अचानक दारू थांबवली तर हातापायांना कंप, घाम, निद्रानाश यांपासून फिट येणे आणि भ्रमिष्टावस्थेपर्यंत त्रास होऊ शकतो, आणि शेवटच्या दोन गोष्टी जिवावर बेतू शकतात. त्यामुळे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरजेप्रमाणे औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन काढावे लागतात. निर्धाराने घरातच कोंडून घेण्याचा प्रयोग कोणी करू नये.

कबुली आणि पहिली दीड वर्षे

अ‍ॅडम्स अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागला. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी, एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद या दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेली ही संघटना आज महाराष्ट्रातही गावोगावी मराठीतून सभा घेते. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी अशी की, दारूपुढे आपण हतबल आहोत आणि आपले आयुष्य आपल्या ताब्यात राहिलेले नाही, हे मान्य करायचे. बचावपटूच्या सबंध शिकवणुकीच्या विरुद्ध टोकाचे हे विधान आहे. पंधरा वर्षे ज्याला ‘हार मानू नकोस’ एवढेच शिकवले गेले, त्याने उपचाराची सुरुवात हार मान्य करून करायची होती. माझ्या मते पट्टीच्या खेळाडूंना उपचाराला तयार करणे इतके अवघड का जाते, याचे कारण येथे आहे; त्यांच्यात निर्धार कमी नसतो, गरजेपेक्षा जास्त असतो.

सप्टेंबर १९९६ च्या मध्यास त्याने आधी सहकाऱ्यांना आणि मग जाहीरपणे आपण मद्यपी असल्याचे सांगितले. या जाहीर कबुलीची किंमत समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एक गोल स्वतःच्याच जाळ्यात गेल्यावर एका वृत्तपत्राने त्याच्या छायाचित्राला गाढवाचे कान चिकटवले होते. त्यानंतर कित्येक वर्षे परगावच्या मैदानांवर प्रेक्षक त्याला पाहून गाढवासारखे ओरडत आणि गाजरे फेकत. अशा प्रेक्षकांच्या हाती आपणहून आणखी एक शस्त्र देणे सोपे नव्हते. मात्र एकदा जाहीर झाल्यावर लपवण्यासारखे काही उरले नाही, आणि पिणाऱ्याची निम्मी शक्ती लपवण्यातच खर्च होत असते.

योगायोगाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ऑगस्टमध्येच क्लबने व्यवस्थापक ब्रूस रिऑक यांना काढले होते आणि १ ऑक्टोबरला आर्सेन वेंगर यांनी सूत्रे हाती घेतली. वेंगर यांनी खेळाडूंचा आहार, व्यायाम आणि विश्रांती यांची घडीच बदलली. उकडलेल्या भाज्या, मासे, पास्ता, दीर्घ स्ट्रेचिंग आले आणि दारू क्लबच्या दैनंदिन जीवनातून हद्दपार होत गेली. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला जुन्याच कट्ट्यावर परत जावे लागणे हा घसरण्याचा सर्वांत मोठा धोका असतो. अ‍ॅडम्सच्या बाबतीत उलट घडले : तो बदलला त्याच महिन्यांत त्याचा कट्टाही बदलला. ही सवलत फार थोड्यांना मिळते.

तरीही पुढचा काळ सरळ गेला नाही. दारू नसल्यामुळे पूर्वी झाकलेल्या शारीरिक वेदना आता उघड्या पडल्या. डिसेंबर १९९७ मध्ये ब्लॅकबर्नविरुद्ध घरच्या मैदानावर ३-१ असा पराभव झाला, त्यात त्याचा खेळ फारच सुमार झाला आणि त्याच्या मनात निवृत्तीचा विचार आला. दारू सोडून जवळपास सोळा महिने झाले होते. व्यसनमुक्तीत हा टप्पा फसवा असतो : सुरुवातीचे कौतुक ओसरलेले असते, ‘बरा झाला’ म्हणून आसपासचे लोक निर्धास्त झालेले असतात, आणि जीवन मात्र अपेक्षेइतके सुंदर झालेले नसते. अशा वेळी वेंगर यांनी त्याला संघातून बाजूला काढून दक्षिण फ्रान्समध्ये तिबुर्स दार्रू (Tiburce Darrou) या शरीरतज्ज्ञाकडे काही आठवड्यांसाठी पाठवले. दुखऱ्या घोट्यासह खेळत राहण्याऐवजी थांबायचे, मदत घ्यायची आणि मग परतायचे, ही रीत त्याला आता निदान एकदा माहीत होती.

तो परतला, आणि त्या हंगामात आर्सेनलने साखळी व एफ. ए. चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. ३ मे १९९८ रोजी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात विजेतेपद निश्चित होत असताना शेवटच्या क्षणी स्टीव्ह बोल्डने मधल्या पट्ट्यातून चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून उचलून दिला. अ‍ॅडम्स तोपर्यंत पुढे धावत निघालेला होता, त्याने चेंडू छातीवर घेतला आणि डाव्या पायाने जाळ्यात मारला. ४-० असा तो निकाल लागला. मध्यरक्षकांपैकी एकाने पास द्यावा आणि दुसऱ्याने पुढे जाऊन गोल करावा, हे जुन्या आर्सेनलमध्ये कोणी खपवून घेतले नसते.

रिकाम्या वेळेचे त्याने काय केले, हेही नोंदवण्याजोगे आहे. त्याने पियानो शिकायला घेतला, फ्रेंच शिकू लागला, वाचन आणि नाटके सुरू केली; निवृत्तीनंतर ब्रुनेल विद्यापीठात क्रीडाविज्ञानाचा अभ्यास केला. वृत्तपत्रांनी या पियानोची थोडी थट्टाही केली. पण दुपारी बाराला सराव संपणाऱ्या आणि खिशात पैसा खुळखुळणाऱ्या तरुणासमोर संध्याकाळपर्यंतचे तास ही खरीखुरी समस्या असते. ते तास पूर्वी पबमध्ये जात होते. आता ते दुसरीकडे कोठेतरी घालवणे भाग होते, आणि जेथे आपण नवशिके आहोत, चुकतो आहोत, अशा जागी बसण्याचा सरावही त्यातून आपोआप होत होता.

निवृत्ती

खेळाडूच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ बहुधा निवृत्तीचा असतो. पस्तिशीच्या आसपास दिनक्रम, सोबती, ओळख आणि दर आठवड्याला मिळणारी उत्तेजना एकाच दिवशी संपते, आणि पुढे आयुष्याचा अर्ध्याहून मोठा भाग शिल्लक असतो. अ‍ॅडम्सने २००२ मध्ये पुन्हा एकदा दोन्ही विजेतेपदांसह खेळ थांबवला. तीन वेगवेगळ्या दशकांत साखळी जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार असण्याचा मान त्याच्या नावावर आहे, इंग्लंडकडून तो ६६ सामने खेळला. परंतु प्रकरणाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट ही की, निवृत्त होताना त्याच्या मद्यमुक्तीला सहा वर्षे झाली होती. फुटबॉल नसतानाचे आयुष्य कसे जगायचे, याची तालीम त्याने फुटबॉल चालू असतानाच केली होती. सभा, सभांमधले मित्र आणि स्वतःच्या मनाचा रोजचा हिशोब या गोष्टी मैदानाबरोबर संपणाऱ्या नव्हत्या.

शिवाय २००० साली त्याने स्पोर्टिंग चान्स ही धर्मादाय संस्था स्थापन केली होती. स्वतः व्यसनातून बाहेर आलेले पीटर के हे तिच्या उभारणीत त्याच्याबरोबर होते. हॅम्पशरमध्ये सुरू झालेल्या या केंद्रात खेळाडूंसाठी २६ दिवसांचा निवासी कार्यक्रम चालतो. दारू आणि अमली पदार्थांबरोबर जुगाराच्या व्यसनावरही तेथे उपचार होतात, आणि बारा पायऱ्यांच्या कामाला शारीरिक तंदुरुस्तीच्या कार्यक्रमाची जोड असते. व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना आपल्या सभासदांना या संस्थेमार्फत समुपदेशन पुरवते. खेळाडूंसाठी वेगळे केंद्र कशाला, असा आक्षेप घेता येईल, कारण आजार तर तोच असतो. त्याचे उत्तर व्यावहारिक आहे : नावाजलेला खेळाडू साध्या केंद्रात गेला तर पहिल्या दिवशी छायाचित्रकार येतात आणि इतर रुग्ण स्वाक्षरी मागतात. शिवाय हंगामाच्या मध्यावर उपचार घ्यायचे तर शरीर खेळण्याजोगे ठेवण्याची सोयही हवी.

मराठी वाचकाला येथे पुण्याच्या मुक्तांगणची आठवण होणे साहजिक आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीने उभ्या राहिलेल्या या केंद्रातही ३५ दिवसांचा निवासी उपचार, त्यानंतर नियमित पाठपुरावा आणि घरच्या माणसांसाठी स्वतंत्र काम अशी रचना आहे, आणि तेथेही पूर्वी व्यसनी असलेली माणसे कार्यकर्ते म्हणून नव्यांना हात देतात. दोन्हीकडे निवासाचे दिवस मोजकेच आहेत. ते दिवस शरीर सावरण्यासाठी आणि आजार ओळखण्यासाठी असतात. त्यानंतरची वर्षे सभांच्या आणि माणसांच्या आधाराने काढायची असतात. दुसऱ्याला मदत करणे हा या वर्षांमधल्या उपचाराचाच भाग असतो, त्यामुळे अ‍ॅडम्सच्या संस्थेकडे केवळ दानधर्म म्हणून पाहिले तर तिचा अर्धाच अर्थ हाती येतो.

प्रकरणाच्या मर्यादा

हे प्रकरण बव्हंशी अ‍ॅडम्सच्या स्वतःच्या कथनावर आधारलेले आहे, आणि मद्यमुक्त माणूस आपल्या पिण्याच्या दिवसांकडे मागे वळून पाहताना त्यांना एक सलग अर्थ देतो, हे विसरता येत नाही. त्याच्याकडे पैसा होता, पाठीशी उभा राहणारा क्लब होता, अनुकूल व्यवस्थापक आला. शिवाय एकाच संघात, एकाच काळात, तशाच सवयींत वाढलेल्या माणसांच्या वाटा वेगळ्या गेल्या. मर्सन उपचारानंतर अनेकदा घसरला आणि त्याबद्दल तो स्वतः मोकळेपणाने बोलतो. १९९६ च्या त्याच इंग्लंड संघातला सर्वांत प्रतिभावान खेळाडू पॉल गॅस्कॉइन अनेक वेळा उपचारांना दाखल झाला आणि त्याची झुंज पुढे कित्येक वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर चालू राहिली. यांच्यात कोणाची इच्छा कमी होती, असे म्हणायला कोणताही आधार नाही. घसरण हा या आजाराच्या वाटचालीचा नेहमीचा भाग आहे, आणि एकाच्या यशाची फूटपट्टी दुसऱ्याला लावणे अन्यायाचे ठरेल.

मद्यमुक्तीमुळे बाकीचे आयुष्यही यशस्वी होते, असेही या प्रकरणावरून म्हणता येणार नाही. व्यवस्थापक म्हणून अ‍ॅडम्सला यश मिळाले नाही. पोर्टस्मथ क्लबने फेब्रुवारी २००९ मध्ये काही महिन्यांतच त्याला काढले. २०१७ मध्ये स्पेनमधील ग्रॅनाडा संघाची सूत्रे त्याने हंगामाच्या अखेरीस सात सामन्यांसाठी घेतली आणि ते सातही सामने संघ हरला. प्रसारमाध्यमांनी त्याची यथेच्छ टर उडवली. २०१५ मध्ये हृदयावरच्या उपचारांनाही त्याला सामोरे जावे लागले होते. १९९६ मध्ये एका उपांत्य सामन्यातील पराभवानंतर जो माणूस सात आठवडे पीत राहिला, त्याने हे सारे पराभव न पिता पचवले.